दुसरी प्रत

“हल्ली तुमच्या फेऱ्या वाढल्यात,” असं म्हणत औषधवाल्यानं काउंटरच्या खालून एक छत्री काढली आणि धाकटीपुढं ठेवली. ही माझी नाही, असं सांगायला धाकटीनं तोंड उघडलं आणि काहीच न बोलता मिटून घेतलं. छत्री ताईची होती. मूठ तडकलेली आणि तिच्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती पट्टी गुंडाळली जात असताना धाकटी समोरच बसली होती. नवी घेऊन टाक, असा तिनं सल्ला दिला होता, आणि ताईनं दातांनी पट्टी तोडत, हिला काय धाड भरलीय, असं विचारून विषय संपवला होता. ही छत्री इथून बसनं दोन तासांवर, बाबांच्या घरी, दारामागच्या खिळ्याला असायला हवी होती. काल गोळ्या घेतल्यात आणि ही इथंच विसरलात, औषधवाला सांगत होता. मी हाक मारली, पण तोवर तुम्ही समोरचा जिना चढून गेलात, दर मंगळवारी जाता तशा. मग त्यानं तिच्याकडं जरा निरखून पाहिलं आणि आज केस रंगवलेत वाटतं, असं म्हणाला. धाकटीनं हो म्हटलं. खोटं बोलायची वेळ आलीच तर ते आखूड बोलावं, एवढं व्यवहारज्ञान तिच्यापाशी होतं. छत्री काखोटीला मारून ती बाहेर आली आणि स्वच्छ उन्हात समोरच्या इमारतीकडं बघत उभी राहिली. त्या इमारतीचा जिना तिनं इतकी वर्षं रोज पाहिला होता आणि एकदाही पाहिला नव्हता.

धाकटी म्हणजे कुणी पोरगी नव्हे. पन्नाशी तिनं केव्हाच ओलांडली होती, प्रयोगशाळेत तिला मॅडम म्हणत, आणि तिच्या हाताखाली शिकलेली माणसं आता स्वतःच सर आणि मॅडम होऊन बसली होती. पण घरात मुली दोन. थोरली ती ताई, उरली ती धाकटी. हे एकदा ठरल्यावर त्यात पुन्हा कुणी लक्ष घातलं नव्हतं. आईबाबासुद्धा थोरलीला ताईच म्हणत, जणू ती सगळ्या घराचीच थोरली बहीण होती. दोघींत वर्षांचं अंतर फार नव्हतं आणि चेहऱ्यामोहऱ्याचं तर नव्हतंच. पाठमोऱ्या दिसल्या तर आईदेखील चुकायची. बाबा फोनवर आधी नुसते खोकायचे, पलीकडं कोण आहे याचा अंदाज घ्यायचे आणि मग योग्य त्या मुलीवर योग्य त्या कारणासाठी रागवायचे. आता ते रागावणंही राहिलं नव्हतं. पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू नेली, बोलण्यातलं पुष्कळसं नेलं, आणि तेव्हापासून त्यांचं उठणं, बसणं, जेवणं, धुणं सगळं ताईच्या हातात आलं. मंगळवारी दिवसभरासाठी एक मदतनीस बाई मात्र धाकटीनं लावून दिली होती. आपण निदान एवढं केलं, या विचारानं तिला बरं वाटत असे, जरा जास्तच बरं वाटत असे. मंगळवारी मी बाहेरची कामं उरकते, असं ताई फोनवर सांगायची. बाहेरची म्हणजे किती बाहेरची, हे धाकटीनं कधी विचारलं नव्हतं. आता ती कामावर जायला बसमध्ये चढली, छत्री मांडीवर आडवी घेतली आणि ठरवून टाकलं की फोन करायचा नाही. फोनवर ताई उडवून लावेल. मंगळवारपर्यंत थांबायचं आणि तो जिना चढायचा. एकदा ठरवलं की धाकटीचं मन गप्प बसे. निदान ती त्याला गप्प बसवी. पण त्या दिवशी मन ऐकेना. ताई माझ्या गल्लीत येते आणि माझं दार वाजवत नाही, एवढं एकच वाक्य बसच्या प्रत्येक धक्क्याला डोक्यात उलटंपालटं होत राहिलं.

तिची कामाची जागा म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला शीतपेट्या, त्यांची दिवसभर घरघर. दुसऱ्या भिंतीला संगणक. आणि काचेच्या दारापलीकडं सापांची खोली, तिथं दिव्यांची ऊब आणि लाकडाच्या भुश्याचा कोरडा वास. विषारी सापांवर काम करणाऱ्यांचे फोटो छापून येतात. धाकटीनं जन्मभर ज्याच्यावर काम केलं तो साप बागेतला, तपकिरी, बोटाएवढा जाड. त्याला बघायला आणलेली शाळेतली मुलं घाबरायच्याऐवजी हिरमुसली व्हायची. पण विषाची गोष्ट समजून घ्यायची तर बिनविषारी सापापासून सुरुवात करावी लागते, असं तिचं म्हणणं होतं आणि ते तिनं रेटून नेलं होतं. विष काही आकाशातून पडत नाही. शरीरात लाळेचं, पचनाचं, रक्त गोठवण्याचं साधं घरकाम करणारं एखादं जनुक असतं. पेशी आपला सगळा मजकूर उतरवून घेताना कधीतरी चुकते आणि त्या एकाच जनुकाच्या दोन प्रती होतात. एक प्रत घरकाम बघते. ते थांबलं तर प्राणीच मरेल, म्हणून तिला बदलायची मुभा नसते. दुसरी मोकळी असते. तिच्यात काहीही बिघडलं तरी कुणाचं अडत नाही, आणि अशी बिघडत बिघडत लाखो वर्षांनी एखादी प्रत विष होऊन बसते. धाकटी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना हे सांगे आणि ‘मोकळी’ म्हणताना तिचा आवाज किंचित चढे. तिच्या ताज्या शोधनिबंधाचं सार असं होतं की तिच्या बिनविषारी सापात ती दुसरी प्रत नाहीच. जनुक दुपटलं ते विषाच्या वाटेवर, जिथं त्या जादा प्रतीला काम मिळणार होतं तिथंच. निबंध स्वीकारला गेला होता, छापून यायचा तेवढा बाकी होता, आणि त्याच्या जोरावर एका दूरच्या बेटावर सरडे आणि साप यांच्या अभ्यासाचं नवं केंद्र उभारायला विभागप्रमुखांनी तिला निवडलं होतं. बेटावर असे सरडे होते की ज्यांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या आखूड होत चालले होते. नोकरीची शेवटची वर्षं त्या अर्धवट पायांच्या संगतीत काढायची, या कल्पनेनं ती हरखून गेली होती.

त्या बुधवारी ती संगणकापुढं बसली, तेव्हा तिला निबंध बघायचाच नव्हता. नुसतं काहीतरी डोळ्यांपुढं हवं होतं. हल्ली तुमच्या फेऱ्या वाढल्यात. पडद्यावर तिच्या सापाचं ते जनुक होतं आणि त्याच्यावर रचलेले तुकड्यांचे थर. सापाचा सगळा मजकूर एका दमात वाचता येत नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे करून पुन्हा पुन्हा वाचावे लागतात, आणि मग संगणक जुळणारे तुकडे एकावर एक बसवत जातो. प्रत्येक जागा साधारण सारख्याच वेळा वाचली जाते, म्हणून थरांची उंची सगळीकडं साधारण सारखी असते. इथं ती जास्त होती. हे तिनं पूर्वीही पाहिलं होतं. पाहून पुढं गेली होती. आता ती त्या उंचवट्याकडं बघत राहिली. तिनं शेजारच्या टेबलाकडं हाक मारली. तिथं गणित्या बसे. संगणकाची सगळी आकडेमोड त्याची. बिस्किटाचा पुडा समोर असल्याशिवाय त्याचं डोकं चालत नसे, आणि आकड्यांवर जेवढी त्याची माया तेवढी माणसांवर नव्हती. इथला ढीग उंच का, असं तिनं विचारलं. वाचणारं यंत्र कधी कधी एकाच जागी घुटमळतं, तो म्हणाला, सगळेच अशा जागी जास्तीचं कापून टाकतात, आपणही कापलं. शिवाय सुरुवातीलाच एक अक्षर निम्म्या तुकड्यांत वेगळं होतं, ते आईकडून एक आणि बापाकडून एक आलेलं समजून सोडून दिलं.

“एखाद्या दुकानात एका बाईच्या फेऱ्या एकदम दुप्पट झाल्या, तर काय समजायचं?” धाकटीनं विचारलं.

“बाईच्या घरी आजारपण आहे, असं.”

“किंवा?”

गणित्यानं बिस्किट तोंडाशी नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. “किंवा बाया दोन आहेत,” तो म्हणाला आणि बिस्किट परत पुड्यात ठेवलं. दोन प्रती एकमेकींसारख्या इतक्या की संगणकानं त्यांना एकच धरलं होतं आणि दोघींचे तुकडे एकीच्याच नावावर रचले होते. ही चूक होते हे त्यांच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. पाठ्यपुस्तकात असते, परीक्षेत विचारतात. तरी ती होते, कारण बघणाऱ्याला एकच हवी असते.

खात्री करायची तर ताजं रक्त घेऊन लांबलचक तुकडे वाचणाऱ्या दुसऱ्या यंत्राकडं पाठवायला हवं होतं. धाकटीनं ते काम कुणावर सोपवलं नाही. काचेचं दार ढकलून ती आत गेली, पेटीतून सापाला उचललं आणि मनगटावर घेतलं. त्याचा थंडगार, कोरडा स्पर्श बोटांतून वळसे घेत राहिला. शेपटीच्या खालून बारीक सुईनं रक्ताचा थेंब घेताना तिचा हात नेहमीसारखाच स्थिर होता. हात स्थिर राहिले याचा तिला त्या दिवशी राग आला. आईचं आजारपण सुरू झालं त्या वर्षी दोघींनाही बाहेरगावच्या कॉलेजात जागा मिळाली होती. ताईचं शिक्षण मध्ये एकदा राहिलं होतं, म्हणून दोघी एकदमच निघणार होत्या. ताईला भूगोल घ्यायचा होता. हे आठवलं तेव्हा धाकटी चपापली, कारण ताईला काहीतरी घ्यायचं होतं हेच ती कित्येक वर्षांत विसरून गेली होती. भूगोल. नकाशे. न्हाणीघराच्या भिंतीवरल्या ओलीच्या डागाला ती कुठल्या तरी देशाचं नाव द्यायची. कुणी राहायचं आणि कुणी जायचं, याबद्दल घरात कधी बोलणं झालं नाही. कुणी रडलं नाही, कुणी अडवलं नाही. धाकटीची बॅग भरून झाली आणि ताईची कॉटखालीच राहिली, एवढंच. निघताना ताईनं तिच्या बॅगेचा अडकलेला बंद ओढून लावून दिला आणि पोचल्यावर कळव म्हणाली. पुढं आई गेली, तरी बाबा होते; बाबांचं चालतंय तोवर घर होतं; घराला कोणीतरी लागतंच. त्यानंतर धाकटीनं जे जे केलं, परीक्षा, निबंध, बक्षिसं, त्या प्रत्येकामागं एक हिशेब मुकाट चालू राहिला: मी मोकळी झाले आहे, तर त्याचं काहीतरी झालंच पाहिजे. फुकट गेलं तर ताईचंही फुकट जाईल. या विचारानं तिला फार बळ दिलं होतं. तिला वाटायचं, हे ताईवरचं प्रेम आहे.

मंगळवारी ती कामावर गेली नाही. घरातल्या खिडकीच्या पडद्याआड उभी राहून तिनं गल्लीवर नजर ठेवली आणि आपल्याच बहिणीवर पाळत ठेवताना स्वतःची पुरेशी लाजही वाटून घेतली. ताई आली. हातात एक पिशवी, चाल सावकाश. ताईला सावकाश चालताना धाकटीनं कधी पाहिलं नव्हतं. घरात ती नेहमी कुठून तरी कुठं तरी पळत असायची. जिना चढून ती दिसेनाशी झाली, आणि थोड्या वेळानं तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी, धाकटीच्या खिडकीच्या जवळजवळ समोरची, उघडली. धाकटी छत्री घेऊन खाली उतरली, गल्ली ओलांडली आणि तो जिना चढली. दार लोटलेलं होतं. खोली लहान, भिंती रिकाम्या. एक खाट, एक खुर्ची, पाण्याचा एक तांब्या, आणि खुर्चीत खिडकीकडं तोंड करून बसलेली ताई. तिनं वळून पाहिलं, दचकली मात्र नाही. छत्रीकडं पाहिलं आणि तरीच, म्हणाली. मग ती खाटेवर सरकली आणि खुर्ची धाकटीला दिली. खोली आपण भाड्यानं घेतलीय, शिवणाचे पैसे साठले होते त्यातून, असं तिनं न विचारताच सांगितलं. आणि शहरातली ही एकच गल्ली तिला ठाऊक होती, म्हणून ही.

“इथं काय करतेस?” धाकटीनं विचारलं.

“बसते.”

“आणि?”

“आणि काही नाही. बसते, मग निघते. गोळ्या तुमच्याकडच्या दुकानात मिळतात त्या घेऊन जाते.”

माझ्याकडं का आली नाहीस, हे धाकटीच्या ओठांवर होतं. पण ताईनंच ते उचललं. तुझ्याकडं आले असते तर चहा केला असता आपण, ती म्हणाली, बाबांचं बोललो असतो, तुझ्या सापांचं बोललो असतो, आणि कप मी विसळले असते. ती हसली. धाकटी हसली नाही. तिच्या मनात एकाएकी लख्ख काहीतरी उजळलं होतं आणि ती नेहमीसारखी त्याच्या मागं धावत सुटली. बाबांना मी माझ्याकडं आणते, ती म्हणाली, तू इथं राहा, कायमची राहा. आता संध्याकाळचे वर्ग असतात, मोठ्या वयात शिकणारी खूप जण असतात, तुला भूगोल घ्यायचा होता ना, मी सगळी चौकशी करते, पुस्तकं आणते, नकाशे बनवणारी एक बाई माझ्या ओळखीची आहे. ताई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पाय खाटेवर वर घेतले आणि गुडघ्यांना हातांचा विळखा घातला, लहानपणी घालायची तसा.

“बघ,” ती म्हणाली, “लगेच कामाला लावलंस.”

“कामाला नाही, ताई. तुझ्यासाठी म्हणतेय.”

“माझ्यासाठीच म्हणतेस गं. पण मला भूगोल नकोय. मला काहीच नकोय. उठलं की कुणाला तरी उठवायचं, आणि झोपलं तरी एक कान उघडा ठेवायचा. मला दोन्ही कान मिटून बसायचंय. त्याचं पुढं काही होणार नाहीये.”

त्या क्षणी धाकटीला संताप आला, आणि तो इतका खरा होता की तिला खुर्ची सोडून खिडकीशी जावं लागलं. बाबांना आणायचं म्हणजे बेट गेलं असतं. केंद्र गेलं असतं, अर्धवट पायांचे सरडे गेले असते. आणि कशासाठी, तर एका बाईनं भाड्याच्या खोलीत भिंतीकडं बघत बसावं म्हणून? नकाशांसाठी तिनं बेट आनंदानं सोडलं असतं. नुसत्या बसण्यासाठी बेट सोडायला तिचं मन धजेना. खालून गल्लीतला आवाज येत होता, समोर तिची स्वतःचीच खिडकी होती, पडदा अर्धा सरकवलेला, आणि इथून बघताना ते घर कुणा परक्याचं वाटत होतं. आपण आत वावरताना ताई मंगळवारी इथून बघत असेल का, असं तिच्या मनात आलं. विचारायचं धैर्य झालं नाही. तिनं छत्री कोपऱ्यात टेकवली, बघू, एवढंच म्हणाली आणि खाली उतरली. जिन्यातच तिला कळून चुकलं की बघू हा शब्द तिनं उभ्या आयुष्यात कामाच्या बाबतीत कधी वापरलेला नाही.

निकाल आला तेव्हा गणित्यानं तो स्वतःच उघडून पाहिला होता आणि पुडा न फोडता तिची वाट बघत बसला होता. प्रती खरंच दोन होत्या. शेजारी शेजारी, एकीच्या मागं एक. पहिली नेटानं घरकाम करणारी. दुसरीत सुरुवातीलाच ते एक अक्षर बदललेलं, त्यामुळं मजकूर आरंभालाच थांबलेला. पेशी ती वाचायला घेते आणि लगेच सोडून देते. ती विष झालेली नव्हती, लाळ झालेली नव्हती, काहीच झालेली नव्हती. कुठल्याही वाटेवर नसलेल्या, बागेतल्या साध्या सापात, काही गरज नसताना ती उपजली होती आणि तशीच राहिली होती, आणि आईकडून पिलाकडं जात जात आजवर आली होती. आपला निबंध बुडाला, गणित्या म्हणाला. धाकटीनं मान डोलावली. तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी सैल झालं होतं. इतकी वर्षं ती विद्यार्थ्यांना मोकळ्या प्रतीची गोष्ट सांगत आली होती, आणि दर वेळी ती गोष्ट विषाशी नेऊन संपवत आली होती, कारण तिथं टाळ्या पडतात. बहुतेक प्रतींचं काहीही होत नाही, हे तिला पाठ होतं. ते वाक्य ती घाईघाईनं उरकत असे. पडद्यावरच्या त्या मुक्या ओळीकडं बघताना तिला ताईचे वर घेतलेले पाय दिसले. साप जगत होता. ती प्रत त्याच्या अंगाला जड झाली नव्हती. तिचं काय झालं हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नव्हता. विचारणारी धाकटीच होती, आणि ती स्वतःची भीती लपवायला विचारत होती. बेट सोडून आपण रिकाम्या हातांनी बसलो तर आपण कोण उरतो, ही ती भीती. तिनं ती बघितली, आहे तेवढीच बघितली, आणि मग उठली.

विभागप्रमुखांच्या खोलीत तिनं दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगितल्या. निबंध मागं घेतेय, आणि बेटावर जात नाही. पहिल्या गोष्टीवर त्यांनी डोकं धरलं. छापून येऊ दे, मग दुरुस्ती पाठवू, सगळेच पाठवतात, असं त्यांनी समजावून पाहिलं. दुसऱ्या गोष्टीवर ते भडकले. घरच्या अडचणी कुणाला नसतात, माणसं लावता येतात, तुमच्यासारख्या बाईनं हे बोलावं याचं आश्चर्य वाटतं, असं बरंच काही. धाकटीनं शांतपणे ऐकून घेतलं. माणसं लावता येतात हे ती स्वतःच इतकी वर्षं म्हणत आली होती, म्हणून तिला त्यांचा राग येईना. बेटासाठी तिनं गणित्याचं नाव सुचवलं आणि आपण इथं अर्धा वेळ काम करू, दुसऱ्या प्रतीवर लिहू, असं सांगितलं. त्या निकामी प्रतीवर लिहिण्यासारखं काय आहे, असं त्यांनी विचारलं. ती आहे, एवढंच सध्या लिहीन, ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तो जिना. या वेळी तिनं नकाशांचं नाव काढलं नाही. बाबांना आणतेय, एवढंच सांगितलं. तुला झेपायचं नाही, ताई म्हणाली. शिकेन, धाकटी म्हणाली. आणि तुझं बेट, ताईनं विचारलं. बेट कुठं पळून जात नाही, मीच जात नाही. ताईनं खाटेवरची चादर उगाचच ताणली, पुन्हा सोडली. मग म्हणाली, “मी मागितलेलं नाही हे.”

“माहीत आहे.”

“मी तुझे उपकार मानणार नाही.”

“नको मानूस.”

“आणि समोरच राहायचं म्हणजे… तू हाक मारलीस तर मी येणार. मला न येता येणार नाही, धाकटे. तेवढं माझ्यात नाहीये.”

“मी हाक मारणार नाही,” धाकटी म्हणाली.

बाबा आले. गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून जिन्यात, जिन्यातून वर; शेजारच्या इमारतीतल्या दोघा हमालांनी त्यांना कपाटासारखं तोलून आणलं आणि बाबांनी सबंध वेळ डोळे गच्च मिटून घेतले होते. धाकटीनं खाट खिडकीशी लावली. शरीर म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, अशी तिची समजूत होती, आणि पहिल्याच दिवशी ती समजूत उतरली. माणूस जड असतो. त्याला कुशीवर वळवताना त्याचा लुळा हात आपल्या खाली अडकतो, भरवताना घास गालात साठून राहतो, आणि आपण हे सगळं चुकत चुकत करत असताना तो आपल्याकडं एकटक बघत असतो. झटक्यानंतर बाबांचे शब्द बरेचसे गेले होते. पाणी, नको, असं काही पुसट पुसट येई; एकच हाक मात्र जशीच्या तशी राहिली होती. ताई. भूक लागली तरी ताई, दुखलं तरी ताई. मी आहे, बाबा, असं धाकटी सांगायची, आणि ते तिच्या तोंडाकडं बघून मग नजर दाराकडं वळवायचे. कंबर दुखायची, हात भरून यायचे, सकाळी उठल्यावर क्षणभर कशाचा राग आलाय तेही आठवायचं नाही. ताई आता समोरच्या खोलीतच राहत होती आणि खिडकीत बसलेली असायची. पहिले काही दिवस ती बसल्या बसल्या एकसारखी इकडंच बघायची. मग हळूहळू नजर गल्लीत उतरू लागली, आणि एकदा तर ती भिंतीला डोकं टेकून भर सकाळी झोपलेली दिसली, तोंड उघडं टाकून.

त्या दुपारी धाकटी पेज भरवत होती. बाबांना ठसका लागला, वाटी कलंडली, पेज त्यांच्या गळ्यावरून छातीवर आणि चादरीवर सांडली. गरम नव्हती, पण ते घाबरले. त्यांनी डाव्या हातानं तिला ढकललं आणि ओरडले, “ताई!” मग पुन्हा, आणखी मोठ्यानं. त्या सगळ्या मोडक्या देहातून तो आवाज खणखणीत निघाला आणि उघड्या खिडकीतून गल्लीपार गेला. धाकटीनं मान वर केली. समोर ताई खुर्चीतून अर्धी उठली होती. एक हात चौकटीवर, चेहरा ताणलेला. दुसऱ्या हातानं पायाशी चप्पल चाचपत होती. दोघींची नजर एक झाली. धाकटीचे हात पेजेनं लडबडलेले होते, मागं बाबा हाका मारतच होते, आणि नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. ताई धावत खाली उतरली असती, वर आली असती, काही न विचारता तिनं बाबांना धरलं असतं आणि सगळं क्षणात ठाकठीक झालं असतं. धाकटीला ते फार हवं होतं. तिनं ताईकडं बघून नाही अशी मान हलवली, खिडकी लावून घेतली, कडी घातली, आणि वळून बाबांची चादर बदलायला घेतली.